प्रार्थनेतलं नाव

१० सप्टेंबर १८०६, बुधवार

गेलं! आमचं ओबरहाल्म संस्थान गेलं. सकाळी शेजारच्या राजाचे शिपाई आले, वेशीवरचं महाराजांचं चिन्ह उतरवलं, नवं ठोकलं. तासाभराचं काम. राज्य तरी केवढं — चार गावं अन् एक गिरणी.

त्यांचा अधिकारी माझ्याकडेही आला. रविवारच्या प्रार्थनेत यापुढे त्या राजाचं नाव घ्यायचं, महाराजांचं गाळायचं. महाराजांचं घेतलं तर चर्च सुटलं, राहतं घर सुटलं. पदरात तीन मुली. "हो" म्हणालो. जरा थांबून तरी म्हणायचं होतं!

११ सप्टेंबर

महाराजांनी गढीवर बोलावलं. बारा वर्षं ठार बहिरे. समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखतात. म्हणाले, "पास्टर, बाकी सगळं नेऊ देत त्यांना. प्रार्थनेत तेवढं माझं नाव राहू द्या."

मला कोणी दारात उभं करत नव्हतं, तेव्हा यांनीच हे चर्च दिलं. मी मान डोलावली. म्हणजे दोघांनाही हो म्हणून बसलो. रेगिनाला काही सांगितलं नाही. बायकोसमोर इतकं लहान व्हायची हिंमत नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

महाराज पहिल्या बाकावर, नजर नेहमीसारखी माझ्या तोंडावर. प्रार्थनेची वेळ आली तसं मी पुस्तक वर उचललं, थेट तोंडापुढे धरलं — आणि त्याच्याआडून राजाचं नाव वाचलं. मागे कुणीतरी नाक ओढलं.

बाहेर पडताना महाराजांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "बरं वाटलं, पास्टर."

१५ सप्टेंबर

गढीवरून प्लमचा केक आला. मुलींनी फस्त केला. मी शिवलो नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

पुन्हा पुस्तक. आता ते आपसूकच वर जातं — नीच माणूस!

२५ सप्टेंबर

खरं सांगून टाकायचं म्हणून गढीवर गेलो. महाराज बागेत होते. यंदा नाशपातीला कीड लागली म्हणाले. तासभर किडीवरच बोललो, नि परत आलो.

२८ सप्टेंबर, रविवार

तिसऱ्यांदा तेच. घरी येऊन रेगिनाला सगळं सांगितलं — दिलेला शब्द, पुस्तक, सगळं. तिनं चमचा खाली ठेवला.

"अहो, पुस्तकाआडून तुम्हाला दिसलं नाही इतकंच. प्रार्थना सुरू झाली की महाराज डोळे मिटून घेतात. पहिल्या रविवारपासून."

बारा वर्षांत त्यांनी चर्चमध्ये कधी डोळे मिटले नव्हते.