राखेच्या रंगाची खोली

आई, मी हॉस्पिटलच्या बाकावर बसले आहे आणि तुझ्या नातीच्या स्टॉलचं माहितीपत्रक उलटं करून त्याच्या कोऱ्या बाजूवर तुला लिहिते आहे. समोरच्या दाराआड तिला नेलंय. जावई जिन्यापर्यंत जातो, परत येतो, माझ्याकडे बघायचं टाळतो. तू गेलीस तेव्हा ती परकराच्या नाड्या तोंडात धरून घरभर फिरायची. आता लोकांची घरं सजवून देते. तुला पटायचं नाही, पण भिंतीला कोणता रंग द्यायचा हे विचारायला माणसं कुंभकोणमहून येतात. सध्या तिला आठवा महिना आहे. याआधीचं एक तिच्या पोटात राहिलं नाही, त्यामुळे या खेपेला मी दुधानं तोंड पोळलेल्या माणसासारखी ताकही फुंकून पीत होते.

नवीन बसस्टँडजवळच्या कल्याण मंडपात कालपासून फर्निचर, दिवे आणि रंगांचं प्रदर्शन लागलंय. एरवी जिथे पंगती बसतात तिथे स्टॉल, आणि प्रत्येक स्टॉलमध्ये एक खोटी खोली. यंदाची फॅशन तू बघायला हवी होतीस. कोपरे कोणत्याच वस्तूला नाहीत, सोफे सगळे फुगलेल्या पुरीसारखे गोल. ट्यूबलाइट लावली तर लोक हसतील. उजेड कुठून येतो ते दिसू नये म्हणतात, म्हणून दिवे छताच्या खोबणीत, पलंगाखाली, आरशामागे लपवलेले. आणि रंग? चिखल, वाळलेलं गवत, राख. आपल्या मेल वीथी रस्त्यावरच्या भाड्याच्या घरात तू दिवाळीला हौसेनं पोपटी चुना लावायचीस, घरमालक कुरकुर करायचा, तरी लावायचीस. तुझ्या नातीनं बाळाची खोली मांडली ती राखेच्या रंगाची. मी म्हटलं, "बाळाच्या खोलीला राख कशाला गे?" तर म्हणाली, "अम्मा, शांत रंग तो. आता सगळ्यांना हाच होणा." वर वेताचा दिवा, त्याचा उजेड मध पातळ केल्यासारखा. आणि त्या दिव्याखाली पाळणा.

पाळण्याला हात लावावा लागत नाही, आई. मोटर आहे. काल सकाळी तिनं बटण दाबलं आणि तो झुलायला लागला तो दिवसभर झुलत राहिला, रिकामा. आवाज नाही, कडीची करकर नाही. माणसं थांबत होती, फोटो काढत होती, एका बाईनं तर तिच्या पोटाकडे बघून हसत बाळाचं विचारलं, "पापा कधी येणार त्यात?" आणि ही पण हसली. मी स्टॉलच्या मागे खुर्चीवर बसून होते. डोळे मिटले तरी तो मला दिसत होता.

तू कोणावर हात उगारत नव्हतीस. एकदाच उगारलास. तान्ह्या धाकट्या भावाला तू न्हाऊ घालायला नेलं होतंस आणि मी पाळण्याची दोरी धरून उगाच झोके देत होते. तू ओल्या हातांनी आलीस आणि माझ्या पाठीत असा धपाटा घातलास की मी रडायचंही विसरले. "रिता पाळणा हालवतात काय गे? कोणाला निजवतेस त्यात?" मग स्वैपाकघरातून वरवंटा आणलास, फडक्यात गुंडाळून पाळण्यात निजवलास, आणि झोका थांबेपर्यंत तिथेच उभी राहिलीस. बारशाला आपल्यात आधी वरवंटाच निजवतात, त्याला काजळाची तीट लावतात, हे मला माहीत होतं. पण त्या दिवशी बारसं नव्हतं. माझ्या आधी तुला एक झालं होतं आणि गेलं होतं, हे मला फार नंतर मावशीनं सांगितलं. धाकट्याला काही झालं नाही. तिरुचीला आहे, गुडघ्यांची तक्रार करतो, माझ्यापेक्षा जास्त जेवतो. तेव्हा रिता पाळणा बाळाला बाधतो या तुझ्या म्हणण्यात तथ्य असेलच असं नाही, हे मी स्वतःला काल रात्रभर समजावत होते.

आज सकाळी तरी वरवंटा पिशवीत घातलाच. मिक्सर आल्यापासून तो लग्नकार्यालाच बाहेर निघतो. धुतला, जुन्या मऊ धोतराचं फडकं घेतलं, काजळ लावलं. मुलीला बोलले असते तर ती चिडली असती. कालच एकदा म्हणून पाहिलं होतं, तर म्हणाली, "अम्मा, विकायचा पाळणा हा. आपला नक्को की." म्हणजे तिलाही तो आपला नको होता, एवढं मात्र माझ्या कानांनी टिपलं. दुपारी गर्दी पांगली, ती मागे दहीभात खायला बसली, तेव्हा मी वरवंटा पाळण्यात ठेवला आणि वर तिनंच मांडलेली चादर ओढली. पाळणा क्षणभर थांबला, मग पुन्हा झुलायला लागला, आधीपेक्षा हळू. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं गं, कालपासून पहिल्यांदा.

आणि मग वरचा दिवा लाल झाला. ती सगळी राखेची खोली लाल झाली, आणि मागून तिचा फोन किंचाळायला लागला. हे मला नंतर कळलं: पाळणा, वरचा दिवा आणि तिचा फोन एकमेकांना जोडलेले आहेत; गादीखाली एक पत्रा आहे, वजन पडलं की पाळणा समजतो बाळ आलं, आणि त्या बाळाचा श्वास शोधायला लागतो. रिकामा असताना तो नुसता नमुना म्हणून झुलतो. दगड ठेवल्यावर त्याला बाळ मिळालं, आणि श्वास मिळाला नाही. तेच इंग्रजीत तिच्या फोनवर उमटलं होतं. ती उष्ट्या हातानंच आली. चादर बाजूला केली. तीट लावलेला तो काळा दगड बघितला. मला वाटलं आता ही ओरडणार, ओरडायलाच हवं होतं तिनं. पण तिनं डावा हात पोटावर ठेवला आणि तशीच उभी राहिली, काहीतरी ऐकत असल्यासारखी. मग त्या गोल सोफ्यावर बसली आणि म्हणाली, "अम्मा, सकाळपासून पापा हललं नाही गे. गडबडीत लक्षातच आलं नाही."

मन चिंती ते वैरी न चिंती, असं तू म्हणायचीस. मी काय काय चिंतलं ते लिहीत नाही. मी तो दगड ठेवला म्हणून तिला वेळेवर कळलं, की मी ठेवला म्हणूनच हे झालं, यातलं एक कोणीतरी मला सांगावं. तुझ्याशिवाय विचारू कोणाला? आणि तुला विचारलं तरी हा कागद माझ्या पर्समध्येच राहणार. आत्ता एक नर्स बाहेर आली, दुसऱ्या डॉक्टरांना बोलावून आत घेऊन गेली. दार पुन्हा लागलं.

एक गोष्ट मी जावयाला सांगितली नाही, डॉक्टरांनाही नाही. इथे येताना गाडीत ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून होती. तिनं माझा हात धरून पोटावर ठेवला आणि विचारलं, "बघ की अम्मा, हललं ना?" मी हात दाबून ठेवला. पूल गेला, सिग्नल गेला, मी हात काढला नाही. मग म्हटलं, "हललं की गे." तिनं डोळे मिटले, तिच्या चेहऱ्यावर रंग आला. आई, माझ्या हाताला काहीही लागलं नव्हतं.