वर्षभर हात न लागलेलं

प्रिय चिमणे,

आईनं चक्क कागदावर पत्र लिहिलंय म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे तू ओळखलंच असशील. आधी सांगते, बाबांची तब्येत बरी आहे. घशाच्या ऑपरेशनची जखम केव्हाच भरली. पाटीवर लिहून माझ्याशी भांडतातसुद्धा, आणि मी बघितलं नाही की पाटी टेबलावर आपटतात.

माझा कॉम्प्युटर मात्र महिनाभर छळत होता. प्रश्नपत्रिका टाइप करायला बसावं, तर त्या मेल्याचं अपडेट सुरू व्हायचं, साठ टक्क्यांवर अडायचं आणि जागा अपुरी म्हणून सगळं मागे फिरायचं. दुकानदारानं डिस्कचे दोन भाग केलेत ना, त्यातला मोठा डी निम्मा रिकामा आणि इवलासा सी गच्च. अपडेटला जागा हवी ती सीमध्येच! घरात खोली रिकामी असताना पाहुण्यानं स्वयंपाकघरातच अंथरूण मागावं, तसला हट्ट.

मंगळवारी बाबांनी पाटीवर लिहिलं, गोदामाचा नियम लाव. तुला ठाऊकच आहे तो. तीस वर्षं स्टोअरकीपर होते ते. वर्षभरात ज्याला हात लागला नाही ते बाहेर. मी तारखेप्रमाणे यादी लावली. ते खुर्चीमागे उभे राहून बोट दाखवत होते आणि मी उडवत होते. मग रिसायकल बिनही रिकामी केली, कारण तीही सीमधलीच जागा खाते. दुपारपर्यंत अपडेट शंभर टक्के झालं. बाबांनी मोठ्ठ्या अक्षरांत 'शाब्बास' लिहिलं. मी किती खूश झाले, काय सांगू.

बुधवारी तुझा मेसेज आला. बाबांच्या आवाजात बोलणारा प्रोग्रॅम आता बनवता येईल, ऑपरेशनआधी चार दिवस बसून रेकॉर्ड केलेली त्यांची वाक्यं पाठव. ती तू माझ्या डेस्कटॉपवर ठेवली होतीस, म्हणजे सीमध्येच, आणि फोल्डरला नाव म्हणून नुसते आकडे. चिमणे, वर्षभर हात लागला नव्हता गं त्याला. कसा लागणार? तो आवाज ऐकायची हिंमत आपल्या तिघांतल्या कुणालाच झाली नाही.

बाबांना न कळवता दुकानात जाऊन विचारलं, तर दुरुस्तीवाला म्हणाला, काकू, उडवलंत कशाला, डीमध्ये हलवायचं होतं. आता त्या जागेवर अपडेट लिहिलं गेलंय, परत मिळणं कठीण. मला एवढंही सुचू नये! स्वतःचाच संताप येतो.

माझे मेसेज बाबाच आधी उघडतात, फोन करावा तर समोरच बसलेले असतात, म्हणून हे पत्र. तुझा मेसेज वाचल्यापासून ते रोज विचारतात, पाठवलंस का? मी सांगते, फाइल मोठी आहे, वेळ लागतोय. पहिल्यांदा काय बोलायचं तेही त्यांनी वहीत लिहून ठेवलंय, मला दाखवत नाहीत.

तुझ्या जुन्या लॅपटॉपवर एखादी प्रत राहिली आहे का, बघ गं. असेल तर फोनवर नुसतं 'फाइल पोचली' म्हण. नसेल तर माझ्या एकटीच्या हातून उडाली, असं मी सांगेन, आणि तूही तेच सांग. त्या फोल्डरवर बोट त्यांनीच ठेवलं होतं, हे त्यांना कधीच कळता कामा नये.

तुझीच,
वाट पाहणारी आई