नानाय शिकवणीला बसली

१९ ऑगस्ट

प्रिय टोटो,

तुझ्या थोरल्या बहिणीचे, मानांग डेल्फाचे पोटभर आशीर्वाद. आम्ही सगळे ठीक आहोत. तूही असशील, कारण समुद्रावर तू नेहमीच ठीक असतोस, डोकं फक्त फोनवर फिरतं. मी तोंड उघडलं की तू फोन कट करतोस, म्हणून हे पत्र. शेजारचा नांदिंग सिंगापूरला तुमच्याच बोटीवर चढतोय, त्याच्या हातात देते. सोबत सुके मासे आहेत. आधी पत्र वाच, मग खा.

आपल्या आईची, नानायची तब्येत उत्तम. रक्तदाब खाली आलाय, झोप लागते. तुझ्या खोलीचं छप्पर गळायचं, ते आता गळत नाही. कुणी दुरुस्त केलं ते पुढे येईल.

आता मुद्द्याचं. मे महिन्यात तू हुकूम सोडलास, की आईला अडुसष्टाव्या वर्षी लग्नाचं खूळ लागलंय आणि लग्न ठरलेल्यांची शिकवणी घेणारी तूच, तर दोघांना नापास कर. अरे, ते काय ड्रायव्हिंग लायसन्स आहे? आमच्या नगरपालिकेच्या वर्गाला बसल्याशिवाय लग्नाचा परवाना मिळत नाही हे खरं, सर्टिफिकेटवर सही माझी असते हेही खरं, पण नापास कुणी होत नाही. मतं जुळली नाहीत तर फार तर ‘पुन्हा बसा’ म्हणता येतं. मी तेच करायचं ठरवलं. खोटं कशाला बोलू, मलाही तेव्हा ते पसंत नव्हतं. तियो एपिंग आपल्याला काकासारखा, माणूस वाईट नाही, पण बँडमधला ढोलवाला. आपल्या बापाच्या, तातायच्या अंत्ययात्रेत ढोल बडवणारा माणूस सहा वर्षांनी त्याच्याच बायकोला मागणी घालतो, म्हणजे काय?

वर्गाला पाच जोडपी होती. चार पोरासोरांची आणि ही एक. नानाय नखं रंगवून आली होती. आधी आमच्या नर्सबाई जोसलिनचं कुटुंबनियोजनाचं भाषण झालं. ते सगळ्यांना ऐकावंच लागतं. नानायने मन लावून ऐकलं, वर शंका विचारल्या. शेवटी फुकटची पाकिटं वाटली, तर हिने दोन मागून घेतली. मी डोळे वटारले, तर म्हणते सरकार देतंय, नाही कशाला म्हणायचं. घरी जाताना दोन्ही नांदिंगच्या बायकोला देऊन आली. नांदिंग हसायला लागला तर कारण विचारू नकोस.

मग माझी पाळी. माझ्या वर्गात जोडप्यांनी पाठीला पाठ लावून बसायचं. मी एकेक वाक्य वाचते. पटलं तर हातातला पंखा वर, नाही पटलं तर मांडीवर. एकमेकांचं बघून उत्तर देता येत नाही. मग तोंडं फिरवायची आणि जिथे बिनसलं त्यावर सगळ्यांदेखत बोलायचं.

लग्नानंतर आईवडिलांजवळ राहू, असं मी वाचलं. नानाय म्हणाली, कुणाच्या ते सांग, दोघांचेही एकाच दफनभूमीत आहेत. मुलं किती हे आधी ठरवू, असं वाचलं, तर तियो म्हणाला झालीत तेवढी पुरे, त्यातला एक आधीच बोलत नाही. पोरं खो खो हसली. मला घाम फुटला. बाकी घरखर्च म्हणू नकोस, रुसणं-फुगणं म्हणू नकोस, दोघांचे पंखे बरोबरीने वरखाली. तिकडे विशीतल्या जोडप्यांची नवऱ्याच्या बास्केटबॉलवरून तिथेच जुंपली होती.

शेवटी मी पुस्तिकेत नसलेलं एक वाक्य पदरचं घुसवलं. ‘मुलं नाराज असतील तर लग्न थांबवावं.’ तियोचा पंखा चटकन वर. नानायचा मांडीवर. सापडले, म्हटलं.

तोंडं फिरवायला सांगितली. तियो म्हणाला, टोटो डिसेंबरात येईल, त्याच्यासमोर बसून विचारू. नाहीच म्हणाला तर मी आपला रोज येऊन अंगणात बसेन, आता बसतो तसा.

नानायने त्याच्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघून बोलली.

“टोटोला वर्षभर बोट. तुला ऑफिस, नवरा, पोरं. माझी तक्रार नाही. पण तुमचा बाप गेल्यापासून एका माणसापुरता भात मला लावता येत नाही, डेल्फा. रोज जास्त होतो आणि रोज कोंबड्यांना घालते. कोंबड्या माजल्या आणि मी वाळले.”

तियोने आपला पंखा खाली घेतला, मांडीवर ठेवला.

“माझं मत बदललं,” म्हणाला.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. टोटो, बोलता बोलता मत बदललं की जोडपं लग्नाला तयार झालं, हे मी दर वर्गात घसा फोडून सांगते. आता कुठल्या तोंडाने ‘पुन्हा बसा’ म्हणू? सही केली. मग मोरीत जाऊन रडले आणि सर्दी झालीय असं जोसलिनला सांगितलं. मला फार वाईट वाटलं रे. गल्लीच्या टोकाला राहते मी, पण त्या भाताचं मला कधी कळलं नाही.

आता खाली बस. बसलास? गेल्या शनिवारी लग्न झालं. छप्पर तियोने दुरुस्त केलं आणि त्याचा ढोल तुझ्या खोलीत आहे, कारण दुसऱ्या कुठल्याच दारातून तो आत जाईना. तुला आधी कळवायला फोन केले होते. ते तू कट केलेस.

चर्चमध्ये नानायच्या डाव्या हाताला मी होते. उजव्या हाताला माझा नवरा उभा राहायला गेला, तर तिने त्याला बाकावर बसवलं, ही बाजू टोटोची आहे म्हणाली. आणि दारापासून थेट पाद्रीबाबांपर्यंत उजवा कोपर बाहेर काढून चालली, त्यात कुणी नसताना. लोकांना वाटलं हात अवघडलाय. पाद्रीबाबांनी तर हळूच विचारलं, कुठे पडलीस काय?

डिसेंबरात ये. दारात पाऊल ठेवल्यावर काय भांडायचं ते माझ्याशी भांड, सही माझी आहे. पण त्याआधी तिच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहा. काही बोलू नकोस. तिला कळेल.

वाट बघणारी,
तुझी मानांग डेल्फा