एकत्र नकोत

प्रिय धाकट्या,

अक्षर बघून घाबरू नकोस, डाव्या हाताने लिहितेय. उजवा प्लास्टरमध्ये आहे. हाड बसेल म्हणतात, बोटांचं आत्ताच सांगता येत नाही. तू फोन बंद करून बसलास म्हणून हा उपद्व्याप. पत्र तुझ्या बायकोच्या हाती पाठवतेय, तिच्यावर डाफरू नकोस. तू कुठे आहेस हे तिने तोंडातून काढलं नाही, मीच ओळखलं. मार खायची वेळ आली की तू लहानपणापासून मावशीकडेच पळतोस.

टायरच्या दुकानावरच्या त्या खोलीत आपण शिफ्ट लावायच्या सॉफ्टवेअरची सुरुवात केली, तेव्हा आपलं गिऱ्हाईक एकच, ते हॉस्पिटल. नर्सबायकांच्या ड्युट्या लावता लावता मेट्रनच्या नाकी नऊ यायचे. त्यात दोन सख्ख्या जावा एका वॉर्डात आल्या की पेशंट राहायचे बाजूला, यांचंच जुंपायचं. मेट्रनसाठी आपण पडद्यावर तो चौकोन केला, 'एकत्र नकोत'. दोन नावांपुढे खूण केली की सॉफ्टवेअर त्यांना एका शिफ्टला घालणारच नाही. तो पहिल्यांदा चालला तेव्हा तू टेबलावर चढून नाचलास, पंखा लागून कपाळ फुटलं, रक्त गळत होतं आणि तू खदाखदा हसत होतास. मला तेव्हा तुझा केवढा अभिमान वाटला होता.

मग मांस कापून पॅक करणारा तो कारखाना आला. तिथल्या मुकादमाकडे दोघं मेहुणे कामाला होते. एकाने बायकोला इतकं मारलं होतं की तिचा कान कायमचा गेला, आणि दुसरा तिचा भाऊ. मुकादम वर्षानुवर्षं एकाला सकाळी आणि दुसऱ्याला संध्याकाळी ठेवत आला होता. आपलं सॉफ्टवेअर बसवल्यावर त्याने पहिली खूण केली ती या दोघांच्या नावांपुढे. बिचारा निर्धास्त झाला.

आणि आपण फोफावलो. मॉल आले, गोदामं आली, विमानतळ आला, काचेची इमारत झाली. मोठी गिऱ्हाइकं ओरडायला लागली की या खुणांपायी शिफ्ट अर्ध्या रिकाम्या राहतात. तू काय केलंस? चौकोन पडद्यावर तसाच ठेवलास आणि आतून त्याचं काम बंद केलंस. खूण करणाऱ्याला वाटणार, झालं. मी तेव्हा नोकरभरतीत बुडालेली, मला गंधवार्ता नाही. शिफ्ट भरल्या, आलेख चढला, तू केक कापलास आणि पहिला घास मला भरवलास.

त्या मंगळवारी आपल्या सॉफ्टवेअरने एका शिफ्टला घातलेले ते दोघं मेहुणे एका टेबलाच्या दोन बाजूंना उभे राहिले. हातात सुरे, कारण कामच ते. मुकादम बाहेर माल उतरवून घेत होता. त्या बाईच्या भावाने मेहुण्याच्या पोटात सुरा घातला आणि तो खाली पडल्यावर गळ्यावरून फिरवला. मुकादम धावत येऊन मधे पडला, त्याची दोन बोटं तिथेच तुटून पडली. नंतर पाइपने फरशी धुताना जनावराचं रक्त कुठलं आणि माणसाचं कुठलं ते कळत नव्हतं, असं त्याची बायको मला सांगत होती.

त्याच दुपारी तू चष्मिसला मुकादमाच्या खुणेची नोंद पुसायला सांगितलीस. तो पोरगेला प्रोग्रामर नाही म्हणाला, तर तू त्याच्या थोबाडीत दिलीस. चष्मा फुटला, काच भुवईत घुसली. मी दारातच उभी होते. मग तू स्वतः बसून ती पुसलीस आणि पोलिसांना सांगितलंस, खूण केलीच नव्हती, मुकादमाने डोळे मिटून यादी मंजूर केली. त्याला हातावरच्या पट्टीसकट धरून नेलं. मेलेल्याच्या भावांनी मुकादमाच्या म्हाताऱ्या बापाला घराबाहेर ओढून तुडवलं.

मुकादम तरी एकच धरून बसला, खूण मी केली होती. ते त्या भावांच्या कानावर गेलं आणि ते पहारी घेऊन ऑफिसात शिरले. तू मागच्या जिन्याने सटकलास. मी आडवी झाले, तू बाहेरगावी आहेस म्हणाले. आधी कॉम्प्युटरचे पडदे फुटले, मग माझा हात. हाड मोडल्याचा आवाज आधी आला, कळ नंतर. मारणारा रडत होता रे. त्याने विचारलं, "बाई, एवढंच सांगा, त्यांना एकत्र आणलं कोणी?" मी तुझ्यासाठी गप्प बसले. तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही.

काल इन्स्पेक्टर माझ्याकडे आले. हात मोडणाऱ्यांविरुद्ध मी तक्रार देईन असं त्यांना वाटलं होतं. ती मी दिली नाही. चष्मिसला बोलावून घेतलं आणि आम्ही दोघांनी डोळ्यांनी पाहिलं ते सगळं सांगितलं. आज मुकादमाला सोडतील. तुझा पत्ता मीच दिला. त्यांच्याकडून एवढंच मागून घेतलं की पत्र आधी पोचू दे. तू हे वाचतोयस तेव्हा ते गल्लीत गाडीत बसलेत, तुझी बायको बाहेर आली की आत येतील. परसातही त्यांची माणसं उभी आहेत. पळालास तर तुडवतील, आणि या वेळी मला मधे पडता येणार नाही. मावशीला आतल्या खोलीत बसव. दार तू स्वतः उघड.

अजूनही तुझीच,
ताई