खाडीत बुडवलेली बाई

आये, ती बाई मला छापलेली सापडली. टोपलीतून पोर आणणारी, जिची गोष्ट तू मला एकटीलाच सांगितली होतीस. तुझ्या जन्माआधीच्या एका मासिकात आहे ती, आणि त्यात ती मरते. वाचल्यापासून मला अन्न गोड लागत नाही. कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून तुला लिहिते आहे.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी घरी बसून एक काम करते. आपल्या या उपनगरांबद्दल शंभरेक वर्षांपूर्वी जे काही छापलं गेलं, गावांच्या हकिगती, लघुकथा, ते सगळं काही मंडळी कॉम्प्युटरवर आणतायत, कुणालाही फुकट वाचता यावं म्हणून. पडद्यावर एका बाजूला जुन्या पानाचा फोटो असतो, दुसऱ्या बाजूला मशीननं त्यातली ओळखलेली अक्षरं, आणि मी चुका सुधारायच्या. उभा जन्म पोरांच्या वह्या तपासण्यात गेला, आता मशीनची वही तपासते. बोरीवलीच्या या फ्लॅटमध्ये दुपारी तसंही दुसरं काय असतं? तर परवा असंच एक पान उघडलं आणि पहिल्याच ओळीत आपल्या गावाचं नाव. लेखक बहुधा हवापालटासाठी इथे येऊन राहिलेला कुणी शहरी गृहस्थ असावा. प्लेगचे दिवस. एक विधवा कोळीण बंगल्यांवर मासळी टाकून परत येते आहे, बांधाजवळच्या झोपडीत रडणं ऐकू येतं, आत कुणी परके नवराबायको मरून पडलेत आणि मध्ये तान्हं पोर. ती पोर टोपलीत घालते, वर ओलं गोणपाट टाकते आणि गावात आणते. रोगाच्या भीतीनं गाव तिला आत घेत नाही, बांधापलीकडे राहायला सांगतं. इथपर्यंत सगळं तू सांगितलंस तसंच, गोणपाटासकट. पण पुढे त्या गृहस्थाच्या कथेत पोर मरतं आणि बाई भरतीच्या पाण्यात चालत जाते. मरताना बोलते कशी, तर सदाशिव पेठेतल्या बाईसारखी. मी एकटीच मोठ्यानं हसले, आणि मग रडले.

तू सांगितलंस तो दिवस मला स्वच्छ आठवतो. मी शिक्षिका व्हायचा कोर्स करत होते, दुपारी घरी आले तर तू चुलीशेजारी विळीवर बसून बोंबील कापते आहेस. बाबा होडीवर, दादा त्यांच्याबरोबर. मी कौतुकानं काहीतरी प्लेगवरचं शिकलेलं सांगायला लागले आणि तुझा हात थांबला. तू म्हणालीस, तुझा पणजा त्या प्लेगातलाच, टोपलीतून आणलेला. तू नवी सून होतीस तेव्हा त्याची अंघोळ, जेवण तुझ्याकडे होतं, आणि शेवटी शेवटी तुझ्याकडून पाठ चोळून घेताना त्यानंच तुला हे सांगितलं. मला वाटलं, पोर कसंबसं वाचलं, पण ती बाई तिथेच मेली असेल. तू माझ्याकडे रागानं पाहिलंस. "ती मेली नाय गो. आयली परत, पोराला कमरेवर घेऊन." रोग ओसरल्यावर ती आली, आणि गावच्या जाणत्यांनी बसून ठरवलं की पोर आपलं, आणि यावर पुन्हा कुणी बोलायचं नाही. न बोलण्यानंच तो कोळी झाला. आपलं सगळं घर त्याचंच.

चार दिवसांनी जेवताना मी बाबांना सहज विचारायला गेले, तुमचे आजोबा कुठे जन्मले हो? तू पळी पातेल्यावर आपटलीस. बाबा दचकले आणि प्रश्न तिथेच राहिला. नंतर मागच्या पडवीत तू मला दंडाला धरून म्हणालीस, "हे बाईनं बाईला सांगायचं. पुरुषांना नाय पेलत." इतक्या वर्षांत मी ते कुणालाही सांगितलं नाही. मला मुलगी नाही, हे तुला माहीतच आहे. मुलाला सांगायचं तर तो पुरुष, आणि व्हिडिओ कॉलवर त्याला पाच मिनिटांच्या वर काही पेलत नाही.

या संग्रहाचं काम बघणारी एक तरुण मुलगी आहे, हुशार आणि भयंकर उत्साही. तिला वाटलं, गाव माझंच आहे तर तिथे कुणी म्हातारं माणूस ही हकिगत वेगळी सांगत असेल. असेल तर आवाज रेकॉर्ड करून कथेशेजारीच ठेवू, म्हणजे वाचणाऱ्याला दोन्ही कळेल. नसेल तर नुसती कथा म्हणून टाकू. मला वाटलं, सांगावं. त्या हवापालटवाल्यानं बुडवलेल्या बाईला वर काढावं. तुझ्या शब्दांत सांगावं, ती आयली परत. आये, मी दोन दिवस आरशासमोर सराव करत होते, या वयात.

पण आधी दादाला विचारायला गावी गेले. चुकले की काय, मला अजून कळत नाही. हल्ली गावठाणाची मोजणी चालू आहे आणि जो तो आपलं घर किती जुनं हे सिद्ध करतो आहे. गावाचं नाव कुठेही दिसलं की पोरं त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकतात. नारळी पौर्णिमेचा पहिला नारळ अजून आपल्या घरचा असतो, सगळ्यात जुनं घर म्हणून. दादा आता वाकून चालतो, पण त्या दिवशी ताठ असतो. मी ओट्यावर बसून त्याला सगळं सांगितलं. त्यानं जाळ्याचा तुटलेला धागा बोटाला गुंडाळला. मग म्हणाला, म्हातारा शेवटी भ्रमिष्ट झाला होता, आये त्याचं ऐकून गोष्टी रचायची. मी म्हटलं, आणि गोणपाट? ते छापलं कसं? तो म्हणाला, कुणीतरी बायकांना ते मासिक वाचून दाखवलं असेल, तिथूनच म्हाताऱ्याच्या डोक्यात गेलं असेल. असेलही. मला सिद्ध करता येत नाही. निघताना तो दारापर्यंत आला आणि म्हणाला, "तुला खरं वाटतंय ना, मग वाटू दे. पण माझ्या हातातला नारळ काढून घेऊ नको गो."

आता तूच सांग मी काय करायचं होतं. बोलावं, तर गावानं जे न बोलून घडवलं ते मी मोडणार, आणि तेही माझ्याच भावाच्या घरावर. गप्प बसावं, तर ज्या बाईनं आख्ख्या गावाविरुद्ध एक पोर जगवलं ती कायमची त्या खाडीत. तुझा मला राग येतो. एवढं ओझं माझ्या दंडाला धरून माझ्यात ठेवलंस आणि ते कुठे उतरवायचं हे सांगितलं नाहीस. मग वाटतं, तुला तरी ते कुठे उतरवता आलं होतं? आयुष्यभर बाजारात तू एवढ्या मोठ्यानं बोललीस, आणि हे मात्र विळीवर, हळू आवाजात.

काल त्या मुलीचा फोन आला. "मॅडम, गावात कुणाला काही आठवतंय का? नाहीतर मी हे क्लोज करते." मी म्हटलं, नाही गं, आमच्याकडे अशी बाई कुणी ऐकलेली नाही. ती ओके म्हणाली, आणि संध्याकाळी ते पान कथांमध्ये लागलं. मी उघडून पाहिलं. अक्षरं सगळी बरोबर होती, मीच तपासलेली. गावातलं कुठलंही पोर आता ते वाचेल, आणि ती बाई पाण्यात चालत जाईल.

हे मी कुठे पाठवणार? तू असतीस तरी तुला वाचता येत नव्हतं. दुसऱ्या कुणाला तरी वाचून दाखवावं लागलं असतं, आणि तसं केलं की बाहेर फुटलंच. तेव्हा हे इथेच राहील. फक्त एक सांगते. फोन ठेवल्यावर वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. आधी सुटल्यासारखं वाटलं, आये. वाईट नंतर वाटलं.