ओटा कापला त्यानंतरची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, व्यवसाय घरगुती बेकरी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. हे वाक्य सगळेच लिहितात, मला मात्र ते डॉक्टरीणबाईंकडून तपासून घेऊन लिहावं लागतंय. मध्यंतरी काही दिवस माझ्या तोंडून शब्द फुटला नाही आणि माझ्या दोन मुलांनी त्याचा अर्थ असा लावला, की आई गेली कामातून. आई कामातून गेली नव्हती. आईला धक्का बसला होता. तो अजून पुरता उतरलेला नाही, म्हणून अक्षर हललेलं दिसेल. ते वेडाचं लक्षण समजू नये.

१. राहतं घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. पाव आणि बिस्किटं विकून मी ते घेतलं आणि खरेदीखतावर माझंच नाव घालायचा आग्रह माझ्या दिवंगत पतींनी धरला. ते कुणाला द्यायचं हे पुढे लिहिलं आहे. आधी ओट्याचं सांगते, त्याशिवाय पुढचं पटणार नाही.

२. स्वयंपाकघराचा ओटा काळ्या दगडाचा, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकसंध होता. "होता" लिहिताना आत्ताही हात थांबला. तो निवडायला आम्ही दोघं दगडवाल्याच्या वखारीत गेलो होतो. दगडवाला चकचकीत लाद्या दाखवत होता. मी प्रत्येकाचा एक तुकडा मागून घेतला, घरी आणून त्यांवर अर्धं लिंबू उपडं घातलं, तेलाचा थेंब सोडला आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी पांढऱ्या तुकड्यावर लिंबाचा गोल चट्टा कायमचा उमटला होता. करड्याने तेल पिऊन टाकलं होतं. काळ्यावर फडकं फिरवलं आणि काहीच उरलं नाही. हे म्हणाले, "हा तुझ्यासारखा आहे, मनाला लावून घेत नाही." त्यांचा अंदाज तेवढा चुकला.

खिडकीची चौकट काढून, शेजारपाजारच्यांनी खांदा देऊन, तो आत आला. जोड नको हे मी आधीच बजावलं होतं. जोडात पीठ अडकतं आणि पिठामागून मुंग्या येतात.

३. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी मी धाकट्या बहिणीकडे राहायला गेले होते. डोळ्याची पट्टी लवकर सुटली, करमेना, म्हणून न कळवता घरी परत आले. गल्लीच्या तोंडाशीच यंत्राचा आवाज कानावर आला. कुणाकडे तरी काम निघालंय असं वाटलं. दार उघडलं तर सगळ्या घरावर पिठासारखी धूळ बसलेली. पीठ नव्हतं ते. थोरला मुलगा पाण्याची नळी धरून उभा होता, धाकटा दगडाचं टोक पेलून होता आणि मधे दगड कापणारा वाकलेला. चर शेवटाला पोचला होता. माझ्या डोळ्यांसमोर ओट्याचे दोन तुकडे झाले.

या दोघांचं अंगणात स्कूटर कुणी कुठे लावायची यावरून बिनसलं होतं हे मला ठाऊक होतं. त्या भांडणानंतर त्यांनी पहिली गोष्ट एकत्र केली ती ही.

थोरला म्हणाला, "आई, तू नसतानाच उरकायचं होतं. तुला त्रास नको म्हणून."

जमिनीवर खडूची रेघ ओढलेली होती, तिथे भिंत येणार होती. मी रेघेबरोबर चालत गेले. स्वयंपाकघरातून ती निघाली, व्हरांड्यातून वळली आणि माझ्या खोलीत शिरून माझ्या पलंगाखालून पलीकडे गेली. पलंगाची जागा कुणाच्याच वाट्यात नव्हती. तिथे दोघांच्या सामाईक जिन्याची खूण केली होती. माझी सोय काय, हे विचारायला तोंड उघडलं आणि आवाज आला नाही.

४. त्यानंतरच्या दिवसांत मी सगळं ऐकत होते, हे इथे नमूद करते. धाकटा माझ्यासमोर फोनवर कुणाला तरी सांगत होता, की वाटणीच्या कागदावर सही होत नसेल तर अंगठा चालतो का. थोरला आळीपाळीने सहा-सहा महिने आई ठेवू असं मांडत होता. मी खुर्चीत बसलेली असताना माझ्याबद्दल एखाद्या कपाटासारखं बोलणं चाललं होतं. दोघंही वाईट नाहीत. हेच मला समजत नाही. वाईट असते तर धक्का बसला नसता.

थोरल्या सुनेशी माझं कधी जमलं नाही, हे साऱ्या गल्लीला माहीत आहे. नवी असताना तिने न्हाणीघराच्या संगमरवरावर संडासाचं ॲसिड ओतून तो करपवला. ते मी विसरले नाही आणि तिला विसरूही दिलं नाही. पण हे बोलणं चाललेलं असताना हात पुसत बाहेर आली ती हीच, आणि नवऱ्याला आणि दिराला म्हणाली, "त्या ऐकतायत. त्यांच्याशी बोला, नाहीतर गप्प बसा."

दोघं उठून बाहेर गेले.

ती परत ओट्याशी गेली. कापलेली कड करवतीसारखी लागत होती, त्या कडेने धाकट्या सुनेची बोटं कापली होती. थोरली पॉलिशचा कागद घेऊन ती कड घासत बसली. दुसऱ्या दिवशीही घासत होती. कुणी सांगितलं नव्हतं. कोरडीच घासत होती, धूळ नाकातोंडात जात होती. मला राहवेना.

"पाणी लावून घास," मी म्हणाले.

तिने वळून पाहिलं नाही. वाटीत पाणी घेतलं आणि कड ओली केली. पुन्हा घासायला घेतलं. मग ती म्हणाली, "आई, आम्हा दोघी जावांना विचारलंच नाही हो कुणी."

५. म्हणून व्यवस्था अशी. ओट्याचा एकेक तुकडा एकेका मुलाला. तो त्यांनी आधीच घेतला आहे. यापलीकडे माझ्या मिळकतीत त्यांचा हिस्सा नाही.

६. घर दोन्ही सुनांना मिळून, सामाईक आणि न वाटता. दोघींपैकी एक हयात असेपर्यंत त्यात भिंत घालता येणार नाही. भांडण झालं तर दोन दारं आहेत, एकेकीने एकेका दाराने ये-जा करावी.

७. कणीक मळायची पांढरी संगमरवरी पाटी धाकट्या सुनेला, कारण तिचा हात थंड आहे आणि बिस्किटं तिचीच चांगली होतात. पाटीवर लिंबू, व्हिनेगर, टोमॅटो काही आंबट टेकवू नये. साधा साबण, ओलं फडकं, लगेच कोरडं. अधूनमधून पाण्याचा थेंब टाकून पाहावा. थेंब तसाच उभा राहिला तर ठीक. थेंब मुरून दगड काळवंडला तर तो तहानला आहे असं समजून वरून सीलर, म्हणजे दगडाची छिद्रं बुजवणारं द्रव, लावावं. भट्टी, साचे आणि गिऱ्हाइकं थोरलीला. ॲसिडचा विषय मी इथे मिटवते.

८. बँकेत जे असेल ते माझ्या एकुलत्या एका नातीच्या शिक्षणाला.

९. दगड कापणाऱ्याला मी दोषी धरत नाही. आईची संमती आहे असं त्याला सांगितलं होतं. खरं कळल्यावर तो आपणहून आला, खाली मान घालून उभा राहिला आणि जोडून देतो म्हणाला. मी नको म्हटलं. त्याला माझ्या मिळकतीतलं काही मिळत नसल्याने तो साक्षीदार होऊ शकतो, आणि साक्षीला त्याच्यापेक्षा जवळचा माणूस मला सुचला नाही.

१०. हे सगळं मी आज दोन्ही मुलांना समोर बसवून वाचून दाखवलं, म्हणजे मागाहून हे कागद कुठून आले असं कुणी म्हणणार नाही. थोरला एवढंच म्हणाला, की आई, तू असं करशील असं वाटलं नव्हतं. मी म्हटलं, मलाही तुमच्याबद्दल नव्हतं वाटलं.

धाकट्याने विचारलं, "मग आम्ही राहायचं कुठे?"

"इथेच," मी म्हणाले. "बायकांना विचारून."

आतून पॉलिशच्या कागदाची घासघास ऐकू येत होती. ती थांबली. दोघंही दाराकडे बघत बसले, पण विचारायला अजून कुणी उठलेलं नाही.

ठिकाण: माझं स्वयंपाकघर
तारीख: सात, महिना अकरावा

लिहून देणार: (सही, अंगठा नव्हे)

साक्षीदार:
१. डॉक्टरीणबाई (सही)
२. दगड कापणारा (सही)