उपग्रहाने सांगितलेला वाफसा

२७ सप्टेंबर, सकाळी ७
आजपासून आमची शेती उपग्रहावर. जीपीएसचा सिग्नल आभाळातून येतो, जमिनीवर आपटून परत उडतो. ओल्या मातीवरून जास्त जोरात उडतो. म्हणजे रस्ता दाखवणाऱ्या सिग्नलनेच रानातली ओल मोजता येते. धारूर तालुक्यात हे माहीत असलेला मी एकटाच. शेतात बांबू रोवून रिसीव्हर बांधला. ज्वारी पेरायची ती यंत्र वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, दाखवील तेव्हाच.

२८ सप्टेंबर
वडिलांचं म्हणणं, मूठभर माती दाबायची. लाडू वळला आणि खाली टाकल्यावर फुटला की वाफसा. त्यांना समजावलं की मूठ हे उपकरण नाही. बायको बबिता म्हणाली, वाफसा गेला की वर्षाची भाकर गेली, ह्यो काय खेळ हाय का? शेवटी वाटणी झाली: एक एकर बायकोचं, एक माझं. वादात मी हरलो नाही. थांबलो.

२९ सप्टेंबर
चुलतभाऊ नाथाने माझ्या एकरात मेंढरं बसवली. रोज रात्री बसली की लेंडीखत फुकट. बांबू बरोबर मध्ये होता, म्हणून त्याने मेंढरांभोवतीचं जाळं त्यालाच बांधलं. विज्ञान असं लोकांच्या उपयोगी पडावं.

१ ऑक्टोबर
बबिताने तिचं एकर पेरलं. माझ्या यंत्राच्या ग्राफवर अजून चिखल. तिची कीव आली.

४ ऑक्टोबर
कडक ऊन, तरी ओल हटत नाही! दिवसा कमी, रात्री भरपूर. जमिनीखालचं पाणी रात्री वर येतं, हा माझा शोध. उद्यापासून त्यावर निबंध, रोज दोन पानं इंग्रजीत लिहायची.

५ ऑक्टोबर
एक ओळ झाली. शीर्षकाची.

९ ऑक्टोबर
वडील म्हणाले, सोमेश्वर, रानाला भेगा पडल्यात, कामून थांबलास? ग्राफवर भेगा नाहीत.

१२ ऑक्टोबर
काल नाथा मेंढरं घेऊन गेला आणि ग्राफ एका रात्रीत तळाला. रानात जाऊन पाहिलं, तर माती दगडासारखी. नाथाला फोन केला. लई हसला. म्हणाला, तुजा सिग्नल माज्या मेंढरांच्या पाठीवरून उडत व्हता की रं! फार वाईट वाटलं. तासाभरात सावरलो. निबंधाचा विषय बदलला: उपग्रहाने मेंढरं मोजणे. माझ्या गणिताने पंचेचाळीस आली. नाथा म्हणतो, शंभर हाईत. थोडी सुधारणा हवी.

१५ ऑक्टोबर
बबिताची ज्वारी वीतभर झाली. खरंच छान दिसते. माझ्या एकरात ज्वारीची वेळ गेली, म्हणून आज तिने तिथे हरभऱ्यासाठी विहिरीचं पाणी सोडलं. मी बांधावरच उभा होतो. ओल किती हवी, हे तिने एकदाही विचारलं नाही.